विश्लेषण : गावाचे चर्च, चर्चची शाळा… पण शाळेची भाषा ठरवते कोण?

दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि मीरा-भाईंदर सुरू होते. पेणकरपाडा, मीरागाव, काशिगाव ही नावे आज रिक्षाच्या थांब्यांवर आणि मेट्रोच्या फलकांवर वाचायला मिळतात. पण ही मुळात भातशेती, मिठागरे आणि पाड्यांची वस्ती होती. या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती असलेल्या गावांत एक चित्र हमखास दिसते. मधोमध चर्च, समोर कुरूस, बाजूला दफनभूमी आणि त्याच आवारात शाळा. जूनमध्ये प्रवेशासाठी पालकांची रांग लागते ती याच शाळांसमोर. मात्र या शाळेत गावाची भाषा क्वचितच शिकवली गेली. राज्यकर्ते बदलले, नोकऱ्या बदलल्या आणि शाळेची भाषाही बदलत गेली. या शाळा आल्या कुठून, त्यांचा खर्च कोण करते, शिक्षण हक्क कायदा त्यांना लागू होतो का आणि मराठीचे पुढे काय, याचा हा आढावा.

पेणकरपाड्याचा परिसर नेमका कसा आहे?

पेणकरपाडा पश्चिम द्रुतगती महामार्गाजवळ, दहिसर आणि मीरा रोड यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला मिठागरे आणि खाजण, उत्तरेला वसईची खाडी. हा सगळा भाग साष्टी बेटाचे उत्तर टोक. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे, असे सांगितले जाते. आगरी, कोळी, ख्रिस्ती ईस्ट इंडियन आणि डोंगराच्या पायथ्याचे वारली आदिवासी हे इथले जुने रहिवासी. भात, मीठ आणि मासळी यांवर त्यांचे घर चाले.

१२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. पुढे आणखी गावे जोडली गेली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे २० वर्षांत साडेचारपट वाढ. शेते गेली, चाळी आणि टॉवर आले. अनेक गावठाणांत जुनी म्हणावी अशी मोकळी जागा उरली ती देवस्थानांच्या, चर्चच्या आणि शाळांच्या आवारात. काशिमीऱ्याचे सेंट जेरोम चर्च, भाईंदरचे अवर लेडी ऑफ नाझरेथ चर्च, डोंगरीचे अवर लेडी ऑफ बेथलेहेम चर्च ही या पट्ट्यातील परिचित ठिकाणे. भाईंदरला नाझरेथ चर्चच्या नावाचीच शाळाही आहे.

या भागातील पहिली चर्च शाळा कोणती?

त्यासाठी पेणकरपाड्यापासून दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या मंडपेश्वरला जावे लागते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तिच्याबरोबर साष्टीही गेली. त्यानंतर फ्रान्सिस्कन संन्यासी या भागात आले. त्यांच्यातील अंतोनियो दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च सुरू केले आणि वरच्या टेकाडावर मठ व विद्यालय उभारले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची आणि अनाथ मुले तिथे राहून शिकत. खर्चासाठी पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने उत्पन्न लावून दिले होते.

ही सुरुवात निर्मळ होती, असे म्हणता येत नाही. जी जागा आणि जे उत्पन्न विद्यालयाला मिळाले, ते आधी एका देवस्थानाचे होते. लेण्यातील नटराजाचे शिल्प आजही पाहता येते आणि वर टेकाडावर विद्यालयाचे भग्नावशेषही उभे आहेत. दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. शाळा आणि धर्मांतर यांचे नाते इथे दगडांतच दिसते. तरीही साष्टीतील सामान्य घरातल्या मुलाला एका ठिकाणी बसवून अक्षर गिरवायला लावण्याची व्यवस्था म्हणून मंडपेश्वरची नोंद महत्त्वाची ठरते. खाडीपलीकडे वसईत जेझुइटांनी १५४९ मध्ये महाविद्यालय सुरू केले. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे बालपण याच जेझुइटांच्या छायेत गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय.

गावातल्या चर्च शाळेत तेव्हा शिकवायचे काय?

मोठी विद्यालये मोजकीच होती. गावात असे ती चर्चच्या पडवीतली शाळा. प्रार्थना, धर्मशिक्षण, थोडे वाचन-लेखन आणि गायन हा तिचा अभ्यासक्रम. गोव्यातील अशा शाळांच्या शिक्षकाला ‘मेस्त्रे’ म्हणत. तोच मुलांना अक्षरे शिकवी आणि तोच रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांचा ताफा सांभाळी. मराठीत कारागिरासाठी वापरला जाणारा ‘मेस्त्री’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दावरून आला. पगार, चावी, साबण हे शब्दही तिकडचेच.

भाषेचा पेच मात्र पहिल्या दिवसापासून होता. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, चर्चमधील विधींची लॅटिन आणि घरातली मराठी. लोकांना धर्म सांगायचा तर त्यांच्या भाषेत सांगावा लागेल, हे अनेक मिशनऱ्यांना कळले होते. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापले गेले. फ्रान्सिस्को वाझ दि गिमारेंश या धर्मगुरूंचे उत्तर कोकणच्या बोलीतील ख्रिस्तपुराण १६५९ मध्ये थेट लिस्बनमध्ये छापले गेले. याउलट १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम कागदावर राहिला, कारण शेतात, बाजारात आणि माजघरात बोलली जाणारी भाषा हुकमाने बदलत नाही. पण प्रश्न तेव्हाच मांडला गेला होता. शाळेने मुलाला त्याच्या भाषेत शिकवायचे की राज्यकर्त्यांच्या?

पोर्तुगीज गेल्यावर शाळांचे काय झाले?

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला. युरोपीय मिशनरी आणि त्यांचे मठ गेले, मंडपेश्वरचे विद्यालय ओस पडले. मात्र वसईच्या तहात काही चर्च चालू ठेवण्याची मुभा होती आणि गावांतील ख्रिस्ती वस्ती जागेवरच राहिली. त्यांची जबाबदारी प्रामुख्याने देशी धर्मगुरूंकडे आली. मोठे उत्पन्न आणि सरकारी पाठबळ गेल्यामुळे चर्च आणि त्याच्या पडवीतली शाळा आता गावावर अवलंबून राहिली.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. याच काळात वांद्र्याला सेंट अँड्र्यूज चर्चची शाळा सुरू झाली. स्थापनेचे वर्ष १७८०. ती आजही चालू आहे. चर्चच्या आवारातील गावशाळा पुढे मोठे हायस्कूल कशी होते, याचे हे साष्टीतले ठळक उदाहरण.

एका गावात दोन चर्च, दोन शाळा का दिसतात?

साष्टीत काही गावांत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन चर्च आढळतात. त्याचे कारण रोमन कॅथलिक चर्चमधलाच एक जुना वाद आहे. भारतातील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानणारी व्यवस्था ‘पाद्रुआदो’ आणि थेट रोमच्या आधिपत्याखालील व्यवस्था ‘प्रोपगांडा’. १७९४ पासून मुंबई परिसरात या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालल्या. एका गावातील काही घरे या बाजूला, काही त्या बाजूला, अशी विभागणी झाली. १९२८ च्या करारानंतर ही दुहेरी व्यवस्था मिटली.

शाळांवर याचा परिणाम झाला. गोव्याकडून आलेले धर्मगुरू असलेल्या चर्चमध्ये पोर्तुगीजचे वजन अधिक काळ टिकले. प्रोपगांडाच्या बाजूला युरोपातून आलेल्या संघांनी, विशेषतः जेझुइटांनी, इंग्रजी शाळांचे जाळे विणले. गावातल्या पोराची शाळा कोणती आणि तिची भाषा कोणती, हे त्याचे कुटुंब कोणत्या चर्चला जाते त्यावरही ठरू लागले.

इंग्रजी कधी आणि कशामुळे आली?

दोन गोष्टींमुळे. पहिली अनुदान. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खासगी आणि मिशनच्या शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण मांडले. सरकारी तपासणी, ठरलेला अभ्यासक्रम आणि निकाल यांवर पैसा मिळू लागला. पडवीतली शाळा आता हजेरीपट असलेली संस्था झाली.

दुसरी नोकरी. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि साष्टीच्या पश्चिमेची गावे शहराला जोडली गेली. रेल्वे, गोदी, तारखाते आणि कंपन्यांची कचेरी इथे इंग्रजी येणारा कारकून हवा होता. साष्टीतील ख्रिस्ती तेव्हा ‘पोर्तुगीज’ म्हणूनच ओळखले जात. गोव्यातून नोकरीसाठी येणाऱ्यांची आडनावेही तीच. आपण इथलेच मूळ रहिवासी आणि कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे ठसवण्यासाठी २६ मे १८८७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. मराठी बोलणाऱ्या, भातशेती करणाऱ्या समाजाने स्वतःचे नाव इंग्रजीत ठेवले. ते नावच सांगते, की नोकरीचा दरवाजा कोणत्या भाषेत उघडत होता.

वांद्रे, माझगाव, दादर अशा शहराजवळच्या वस्त्या आधी इंग्रजीकडे वळल्या. मीरा, काशी, भाईंदर, उत्तन ही लांबची गावे. इथे शेती, मीठ आणि मासेमारीचा जोर टिकून असल्याने बदल सावकाश आला. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या आणि जिल्हा लोकल बोर्डाच्या मराठी शाळांचे जाळे वाढले. त्यामुळे चर्चची शाळा आणि बोर्डाची शाळा असे दोन पर्याय गावकऱ्यांसमोर आले.

माध्यमाचा वाद सर्वोच्च न्यायालयात का गेला?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन किंवा आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज कुणालाही प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. उद्देश मातृभाषेतून शिक्षणाचा होता. पण त्यामुळे इंग्रजी ही घरची भाषा झालेल्या भारतीय ख्रिस्ती मुलांनाही दार बंद झाले. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि काही पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. केवळ भाषेच्या कारणावरून मुलाला सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, हा त्यातील गाभा.

साठ वर्षांनी, ६ मे २०१४ रोजी, कर्नाटकच्या प्रकरणात घटनापीठाने पुढचे पाऊल टाकले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही, माध्यमाची निवड पालकांची आणि मुलाची, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शाळेची भाषा पालक ठरवतात. प्रत्यक्षात पालक ती ठरवतात नोकरीच्या बाजाराकडे पाहून. १८८७ मध्ये जे कारण होते, तेच आजही आहे.

वसईत वेगळे काय घडले?

खाडी ओलांडली की चित्र बदलते. वसईच्या ख्रिस्ती गावांतही चर्चच्या आवारात शाळा आहेत. पण तिथे दीर्घकाळ मराठी माध्यमाचा आग्रह राहिला. शहराच्या कचेऱ्यांपेक्षा केळी, फुले आणि भाजीच्या वाड्यांवर तिथले अर्थकारण उभे होते. त्यामुळे इंग्रजीची घाई कमी होती. दुसरे कारण चर्चमधील भाषेचे. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासनेला मोकळीक दिली, तेव्हा वसईत मराठी उपासनेला आणि मराठी लेखनाला मोठे बळ मिळाले. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मीरा-भाईंदर मात्र मुंबई धर्मप्रांतातच राहिले.

याचे फळ काय, हे एका उदाहरणावरून दिसते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गावातल्याच मराठी शाळेत शिकले. पुढे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चर्चची शाळा मराठीतून शिकवते तेव्हा काय घडू शकते, हे यातून कळते. अर्थात आता वसईतही इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला आहे. खाडीच्या दोन काठांमधला फरक त्यामुळे कमी होत चालला आहे.

आज चर्चची शाळा कोण चालवते आणि पगार कोण देते?

शाळेची मालकी साधारणपणे चर्चच्या न्यासाकडे किंवा एखाद्या धर्मसंघाकडे असते. धर्मग्रामाचे मुख्य फादर अनेकदा व्यवस्थापक असतात. मुंबई धर्मप्रांतातील शाळांवर आर्चडायोसिसन बोर्ड ऑफ एज्युकेशनची देखरेख असते. रोजचे शैक्षणिक काम मुख्याध्यापक पाहतात.

पैशाच्या दृष्टीने शाळांचे दोन मुख्य प्रकार पडतात. अनुदानित शाळेत मंजूर पदांवरील शिक्षकांचा पगार सरकार देते. त्यामुळे फी कमी असते. पण शिक्षकांची संख्या पटावर अवलंबून राहते. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सारा खर्च फीमधून निघतो. त्यामुळे एकाच आवारात जुने अनुदानित मराठी वर्ग आणि नवे विनाअनुदानित इंग्रजी वर्ग असले, तर दोन्हींची गणिते वेगळी असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० साठी ३, ९१ ते १२० साठी ४ आणि १२१ ते २०० साठी ५ शिक्षक हवेत. पट ६० च्या खाली गेला की दोन शिक्षकांना पाच वर्ग सांभाळावे लागतात. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आले, की पालक मुलाला काढून इंग्रजी शाळेत घालतात, पट आणखी घसरतो आणि आणखी एक पद जाते. मराठी वर्ग बहुतेक वेळा असे हळूहळू, कुणी बंद न करताच बंद पडतात.

शिक्षण हक्क कायदा या शाळांना लागू होतो का?

६ ते १४ वयोगटाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, ही त्यातली सर्वात परिचित तरतूद. दुसरीकडे घटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. ६ मे २०१४ रोजी, माध्यमाच्या निकालाच्याच दिवशी, ‘प्रमती’ प्रकरणात घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळले. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा असलेल्या चर्च शाळेत २५ टक्क्यांच्या ऑनलाइन सोडतीतून प्रवेश मिळत नाही.

हा प्रश्न आता पुन्हा उघडला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षक पात्रता परीक्षेबाबत निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेले होते. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा वेगळा ठेवला. ‘प्रमती’ निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त करत तो मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. मोठ्या पीठाने जुना निकाल बदलला, तर २५ टक्के जागा आणि टीईटी या दोन्ही गोष्टी चर्चच्या शाळांच्या दारात येऊ शकतात. पेणकरपाड्यासारख्या, कष्टकरी भाडेकरूंची मोठी वस्ती असलेल्या भागात त्याचा थेट परिणाम होईल.

मराठी शिकवणे बंधनकारक आहे का?

माध्यम कोणतेही असले तरी मराठी विषय शिकवावाच लागतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे २०२५ मधील शासन निर्णय मोठ्या विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले. प्राथमिक शाळेत कोणती भाषा शिकवायची, यावर अख्खे राज्य पेटू शकते, हे त्यातून दिसले.

पण आठवड्यातील काही तासिका म्हणजे माध्यम नव्हे. शिवाय शाळेतील मराठी ही प्रमाण मराठी. ईस्ट इंडियन घरात बोलली जाणारी बोली, तिच्यातले पोर्तुगीज शब्द, लग्नातल्या ‘उंबराच्या पाण्या’ची गाणी, ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या कणसांचा आशीर्वाद घेण्याचा ‘आगेरा’ सण, यांना पाठ्यपुस्तकात जागा नाही. पोर्तुगीज शाळेत ती नव्हती, इंग्रजी शाळेत नव्हती आणि बोर्डाच्या मराठी शाळेतही नव्हती. शाळेबाहेर ती टिकली, कारण शेत होते, आजी होती आणि गावठाण होते. आता शेत गेले आहे आणि गावठाणाची घरे विकली जात आहेत. आगऱ्यांची आणि वारल्यांची बोलीही याच वाटेवर आहे.

प्रवेश घेताना पालकांनी काय पाहावे?

शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक आणि मान्यतेची प्रत मागावी. वर्ग अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे आधीच विचारावे. एकाच आवारात दोन्ही प्रकार असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र असेल तर २५ टक्के जागांसाठी त्या शाळेवर विसंबू नये. परिसरातील इतर शाळांचे पर्याय अर्जात भरावेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हा कायद्याने घालून दिलेला निकष आहे. शिक्षक किती आणि वर्ग किती, एवढे दोन आकडे विचारले तरी बरेच कळते. मराठी वर्ग निवडायचा असेल, तर शक्यतो शेजारच्या चार-पाच कुटुंबांनी मिळून निवडावा. पट टिकला तरच पद टिकते आणि पद टिकले तरच वर्ग टिकतो.

थोडक्यात काय?

साष्टीतील गावचर्चच्या शाळेने पावणेपाचशे वर्षांत लॅटिन, पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी अशा चार भाषांचे वर्ग पाहिले. तिने शेतकऱ्याच्या, आगराच्या आणि मासेमाराच्या पोराला कारकून, परिचारिका, शिक्षक होण्याची वाट दाखवली. हे तिचे मोठे काम. त्याची किंमत घरच्या भाषेने मोजली, हेही तितकेच खरे. शाळेने मुलाला बाहेरच्या जगाची भाषा द्यायलाच हवी. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादे आगेऱ्याचे गाणे, शनिवारच्या तासाला गावातल्या आजीची एखादी गोष्ट, यासाठी ना अनुदान लागते, ना न्यायालयाचा निकाल. चर्चचे आवार तेवढे मोठे आहे. पेणकरपाड्याच्या पट्ट्यात गावाच्या नावाची पाटी मेट्रोने जपली आहे. गावाची भाषा जपायची तर ती जागा अजून तरी शाळाच आहे.